गोष्टीतली वस्तू काय सांगते?

वयात येताना कुणीतरी आवडू लागते. ते कुणाला सांगता येत नाही. स्वतःलाही नीट उमगत नाही. म्हणून चांगला कथाकार ते एखाद्या वस्तूतून सुचवतो. अशा वस्तूला आपण प्रतीक म्हणतो.

समजा, गोष्टीतल्या मुलाने पळसाचे फूल वहीत जपून ठेवले. पुढे परीक्षेच्या वेळी वही उघडली, तर फूल काळपटलेले, पानावर मात्र डाग. ओढ ओसरली, आठवण उरली, मुलगा मोठा झाला. लेखकाने न सांगता आपल्याला हे कळते.

प्रकाश नारायण संत (१९३७-२००३) यांचा लंपन आठवा. 'वनवास' (१९९४) या कथासंग्रहात तो आईवडिलांपासून दूर, कर्नाटक सीमेवरच्या गावी आजी-आजोबांकडे राहतो. ते प्रेमळ आहेत, तरी आईची आठवण येतेच. म्हणून रामायणातला हा शब्द इथे शोभतो. सुमीविषयीची ओढही तो थेट बोलून दाखवत नाही. त्याच्या मराठीत कानडी मिसळलेली, जशी आपल्या आदिलाबादच्या मराठीत तेलुगू.

प्रतीक ओळखावे कसे? वस्तू पुन्हा येते का, आणि तेव्हा तिचा अर्थ बदललेला असतो का, हे पाहावे. प्रत्येक फूल प्रतीक नसते.

पालकांना आमची विनंती : मुलांच्या हाती अशी गोष्ट दिसली तर रागावू नये, चिडवूही नये, आपणही ती वाचावी. घरात जे बोलायला संकोच वाटतो, ते लंपनच्या निमित्ताने सहज बोलता येते.