बागेतली रेल्वे: माळवदाचं वय कसं दाखवायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोलण्यातले 'काय आहे ना' आणि 'म्हणजे कसं' जमतील तेवढे काढलेत, राहिलेत ते गोड मानून घ्या.

मागच्या भागात औशातल्या आमच्या अंगणात रूळ टाकून झाले होते. आज इमारती. खरं सांगायचं तर गाडी पंधरा मिनिटं बघितली की बघणारा कंटाळतो. तो पुन्हा बघायला येतो ते स्टेशनसाठी, ओट्यावरच्या घरासाठी, पत्र्याच्या गोदामासाठी. आणि याच इमारती बहुतेकांच्या फसतात. माझ्याही फसल्या.

आधी एक हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी बार्शी लाईट रेल्वे डोळ्यापुढे ठेवली आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही छोटी गाडी १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. २००७-०८ मध्ये रुंदीकरण झालं आणि आपल्याकडची छोटी लाईन संपली. तिच्या दोन रुळांतलं अंतर होतं अडीच फूट. बागेतल्या रेल्वेसाठी जगभर ४५ मिलिमीटरचा रूळ जास्त चालतो, एलजीबी या जर्मन कंपनीने १९६८ पासून तो रुळवला. पण मी ३२ मिलिमीटरचा घेतला. का? अडीच फुटाला चोविसाने भागा. सव्वा इंच येतो, म्हणजे जवळपास ३२ मिलिमीटर. प्रमाण झालं १:२४, आणि १:२४ म्हणजे खऱ्या एका फुटाला आपला अर्धा इंच. कॅल्क्युलेटर लागत नाही. सहा फुटी दार तीन इंच. साडेपाच फुटी माणूस पावणेतीन इंच. चाळीस फूट लांब स्टेशन वीस इंच. जुनं घर मापायला गेलात तर टेप फुटांत वाचा आणि निम्मे इंच लिहा, झालं.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. अवश्य बघा. तिथलं प्रमाण १:८७, माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. पण ते सगळं छपराखाली आहे. आपलं अंगणात. मे महिन्यात चाळिशी पार करणारं ऊन आणि वर मृगाचा पाऊस. त्यामुळे तिथली युक्ती इथे तशीच चालत नाही.

माझं पहिलं स्टेशन पुठ्ठ्याचं होतं, ते पहिल्याच पावसात गेलं, त्याबद्दल न बोललेलं बरं. दुसरं सनबोर्डचं. फ्लेक्सवाल्याकडे बोर्ड करायला वापरतात ती फोमची शीट. पाण्याने फुगत नाही, कटरने कापता येते, आणि कटपीस स्वस्तात मिळतात. जोडायला ग्लू गन वापरू नका. तो गोंद मे महिन्यात मऊ पडतो आणि दुपारी भिंत हळूच बाहेर झुकते. सुताराचा साधा पांढरा गोंद पाण्यात सुटतो. दोन नळ्यांतलं कालवून लावायचं इपॉक्सी घ्या आणि आतून कोपऱ्यांना तुकडे द्या.

तर हे दुसरं स्टेशन मी रंगवलं आणि 'जुनं' दिसावं म्हणून त्याच्यावर काळा-तपकिरी रंग पाण्यात पातळ करून सगळीकडे फासला. शेजारचे गवंडी मामा बघायला आले. सत्तरीचे आहेत. त्यांनी चष्मा वर केला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "लेकरा, हे घर जुनं नाही वाटत. कालच बांधलंय अन् वरून कुणीतरी चिखल फेकलाय."

मग बोट ठेवून दाखवलं. "इथं ओल कशी काय? ओल वरून उतरत नसतीय, जोत्यातून वर चढतीय. अन् हे दाराजवळ काळं केलास ते बरोबर, पण खांद्याच्या उंचीला का? हात कुठं लागतोय माणसाचा?"

त्या दिवशी मला हे काम समजायला लागलं. इंग्रजीत याला वेदरिंग म्हणतात, आपण 'जुनवणं' म्हणू. जुनवणं म्हणजे घाण करणं नाही. इमारतीवरचा प्रत्येक डाग कशाने तरी पडलेला असतो. पाण्याने, धुराने, हाताने, उन्हाने. ते कारण माहीत नसेल तर डाग खोटा दिसतो, आणि बघणाऱ्याला का ते सांगता आलं नाही तरी तो खोटा वाटतोच.

पाण्यापासून सुरू करू. छपरावरून पाणी कुठून पडतं? पन्हाळीतून. म्हणून पन्हाळीच्या खाली भिंतीवर उभा काळसर पट्टा येतो, वर अरुंद आणि खाली पसरट. खिडकीच्या सज्जाच्या दोन्ही टोकांना खाली ओघळ येतात, मध्ये भिंत स्वच्छ राहते. पाऊस जमिनीवर आपटून उडतो तो फूट-दीड फूट, म्हणजे आपल्या मॉडेलवर अर्धा ते पाऊण इंच. आपल्याकडे जमीन काळी, म्हणून तो पट्टा करडा-काळा. कोकणातले व्हिडिओ बघून तिथं तांबडा लावू नका, औशात तांबडी माती कुठून आणणार?

इथे एक गंमत आहे, आणि ती फक्त अंगणातल्या रेल्वेलाच भेडसावते. पाऊस काही प्रमाणात छोटा होऊन पडत नाही. थेंब खराच, शिंतोडाही खराच, फूटभर उडणारा. आपली दहा फुटी भिंत पाच इंचांची. म्हणजे पहिल्या पावसात आख्खं स्टेशन चिखलात न्हाऊन निघतं. उपाय सोपा आहे. इमारतीभोवती हातभर जागेत माती ठेवूच नका. खाली फरशी, वर क्रशरवरची बारीक कच पसरा. कच पाणी पिते, शिंतोडा उडत नाही. आणि रुळाकडेच्या खडीसारखी दिसतेही.

रंगांच्या बाबतीत माझं मत जरा हेकट आहे. दुकानातल्या महागड्या वेदरिंग पावडरी लागत नाहीत. गेरू, पिवळी माती, चुलीची राख, दिव्याची काजळी, बस. हे खनिज रंग आहेत, उन्हात उडत नाहीत. शाळेच्या पोस्टर कलरचा लाल एका उन्हाळ्यात गुलाबी होतो, गेरू तसाच राहतो. पावडर वस्त्रगाळ करा, जुन्या मलमलीतून. खऱ्या मातीचा कण १:२४ ला खड्यासारखा दिसतो. मॅट वार्निशमध्ये थोडी कालवून लावा म्हणजे पावसाने धुणार नाही. भिंतीला पांढरा देताना चुन्यात किंचित नीळ घाला, आपल्या घरांना असायची तशी. चुना विरलेलाच आणा. घरी कळीचा चुना विरवू नका, तो उकळतो आणि डोळ्यांत उडतो. लहान मुलं शेजारी असतील तर अजिबात नको.

आता पत्रा. गोदामाला पन्हाळी पत्रा हवाच. खऱ्या पत्र्याची एक लाट साधारण तीन इंचांची, म्हणजे आपल्याला तीन मिलिमीटरच्या आसपास हवी. विणकामाच्या तीन मिलिमीटरच्या सुया एकमेकींना चिकटवून ओळीने लावा. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा त्यावर ठेवून बोथट लाकडाने दाबत न्या. कडा धारदार असतात, हातमोजे घाला. मी नाही घातले, अंगठ्यावर खूण आहे. ॲल्युमिनियम तांबडं गंजत नाही, म्हणून गंज आपण द्यायचा. आधी सगळ्या पत्र्याला गंजाचा तपकिरी रंग. वाळला की जागोजागी पाणी लावून त्यावर जाडं मीठ टाका. वाळू द्या. वरून राखाडी रंग मारा आणि तो वाळल्यावर मीठ ब्रशने झाडा. मीठ होतं तिथून गंज डोकावतो, अगदी पोपडा उडाल्यासारखा. मात्र मीठ कुठे टाकायचं ते विचार करून टाका. गंज खिळ्याच्या भोकाभोवती सुरू होतो, पत्र्यावर पत्रा चढतो त्या सांध्यात पाणी अडतं तिथे वाढतो, आणि खालच्या कडेला खातो. मधल्या सपाट भागाला त्याची घाई नसते. खरा गंज हवा असेल तर ग्रीलच्या वर्कशॉपमधून लोखंडाचा कीस आणा आणि मिठाच्या पाण्यात आठ दिवस ठेवा. स्टीलची घासणी घेऊन बसू नका. मी महिनाभर वाट बघितली, ती गंजत नाही.

दगडासाठी आपल्याला लांब जायला नको. औशाच्या किल्ल्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात जा. लांबून सगळा दगड काळा वाटतो, जवळून बघा. ताजा फुटलेला तेवढाच निळसर काळा. जुन्या दगडाला तपकिरी झाक येते, कारण बेसाल्टमध्ये लोह आहे आणि तेही गंजतं. सावलीच्या बाजूला पांढरट-करडे ठिपके दिसतील, मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद. स्टेशनच्या चिऱ्यांवर हे ठिपके उत्तरेकडच्या भिंतीला दिले, दक्षिणेकडे दिले नाहीत, आणि मामांनी न बोलता मान हलवली.

आता माळवद. यासाठीच हा भाग करायचा होता.

रुळाच्या पलीकडे मला पाच खणी माळवदाचं घर हवं होतं, माझ्या आजोळी होतं तसं. दगडाच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि वर गावच्या पांढरीची माती. माळवदाच्या छताला उजेडासाठी भोक असतं, आपल्याकडे सवणं म्हणतात. चुलीचा धूर तिथूनच जायचा, म्हणून सवण्याच्या कडेला काजळी द्यायची, आणि तीही वारा ज्या बाजूला नेतो तिकडे जास्त. सनबोर्ड पाच मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्यात पाच इंचांचीही भिंत नाही. माळवदाची भिंत अडीच फुटांची, आपल्याला सव्वा इंच दिसली पाहिजे. म्हणून दोन शीट अंतर ठेवून उभ्या केल्या आणि दार-खिडक्यांच्या आत बाजू भरल्या. एवढं केलं की न रंगवताच घर जुनं वाटतं.

छताची कड मी पाव इंच केली होती. मामांनी ती बघितली. "पहिल्या वर्षाचं माळवद आहे का हे?"

मी म्हटलं, मामा, शंभर वर्षांचं.

"मग एवढुसं कसं? दरसाल मिरग निघायच्या आधी गळू नये म्हणून नवी माती टाकायची. खालची कोण काढतंय? आजा टाकायचा, बाप टाकायचा, आपण टाकायची."

मंडळी, माळवदाचं वय भिंतीच्या डागात नसतं, छताच्या कडेच्या जाडीत असतं. जुन्या घरांवर हा थर दीड-दोन फुटांपर्यंत गेलेला असे. आमच्या प्रमाणात पाऊण ते एक इंच. आणि तो सगळा भार खाली तुळयांवर आणि भिंतींवर. भिंत जाड दिसायची, पण ती आतून आणि बाहेरून अशा दोन दगडी थरांची, मध्ये माती आणि दगडगोटे, आणि दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीतच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. किल्लारी आपल्याच तालुक्यात. गणपती बोळवून माणसं झोपली होती. भिंतींचे दोन थर दोन बाजूंना फाकले आणि वरची माती खाली आली. मामा त्यानंतर कितीतरी महिने नवी घरं बांधण्याच्या कामावर होते. ते याबद्दल फार बोलत नाहीत. त्या दिवशीही एवढंच म्हणाले, "कड जाड कर. नाहीतर लेकरांना कळायचंच नाही की कशानं झालं."

कड एक इंच केली. थर वेगवेगळे दिसावेत म्हणून सिमेंटमध्ये पांढरी माती कालवून सहा हातांनी लावली, प्रत्येक हाताला माती जराशी वेगळी, मध्ये एक वाळू दिवस. नुसती माती लावलीत तर एका पावसात वाहून जाईल, म्हणून सिमेंट, तीन भाग मातीला एक भाग. सर्वांत वरचा थर फिका ठेवला, 'यंदाचा'. कडेला थोडं वाळलेलं गवत चिकटवलं, कारण श्रावणात माळवदावर गवत उगवतंच.

भेगा दाखवायच्या का, यावर बरेच दिवस अडलो. पडलेलं घर करायचं नव्हतं. ते बघवणार नाही, आणि अंगणातल्या खेळण्यात ते मांडायचा मला अधिकार नाही असं वाटतं. शेवटी वेगळंच केलं. घर धड ठेवलं. फक्त मागची एक भिंत टोकाला उभी कापलेली ठेवली, जशी पुस्तकात आकृती असते. क्रशरची कच चाळून अर्ध्या इंचाच्या आतले दगड काढले, बाहेर एक ओळ, आत एक ओळ, मध्ये माती. शेजारी तशीच दुसरी छोटी भिंत, तिच्यात दर दोन इंचांवर एक लांब दगड आरपार. बाकी काही लिहिलं नाही.

मुलं आली की आधी गाडीमागे पळतात. मग एखादं मागे जाऊन बसतं आणि विचारतं, ह्या भिंतीत लांब दगड आहेत, त्या भिंतीत का नाहीत? उत्तर मी देत नाही, मामांना हाक मारतो.

तुमच्या गावातलं एखादं माळवद अजून उभं असेल तर पावसाआधी जाऊन टेप लावा. दार, खिडकी, भिंतीची जाडी, आणि छताची कड विसरू नका. फोटो काढताना मापासाठी शेजारी माणूस उभा करा. पुढच्या भागात सिग्नल आणि त्याच्या तारा. माझा एक सिग्नल सध्या खारूताईने पळवलाय, तो सापडला तर.