सगळ्यांच्या गर्दीत एक कल्याणमित्र पुरे

३ मार्च २०२३ चा दिवस आठवा. बारावीचा गणिताचा पेपर अकरा वाजता सुरू व्हायचा होता. त्याच्या अर्धा तास आधी आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात प्रश्नपत्रिकेची पानं मोबाईलवर फिरू लागली. विधिमंडळात प्रश्न निघाला, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, संशयितांना अटक झाली. अटक झालेल्यांत शिक्षकही होते.

पेपर कोणी फोडला, ते पोलीस आणि न्यायालय बघतील. आरोग्याच्या या पानावर मला दुसरंच विचारायचं आहे. समजा, त्या सकाळी तुमच्या मुलीच्या हाती असा मोबाईल आला असता. आजूबाजूच्या मैत्रिणी माना घालून बघताहेत, "सगळेच पाहतात, तू काय लय शहाणी?" म्हणताहेत. तिनं काय केलं असतं? आणि "नाही" म्हणायची ताकद तिच्यात कोणी भरली असती?

"सगळेच करतात." आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना घसरवणारं हे एकच वाक्य आहे. कॉपीच्या वेळी हेच वाक्य, टपरीवर हेच, आणि एप्रिलमध्ये डीजेसमोरही हेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आणि त्यानंतर लगेच जयंती. म्हणून हा विषय आताच बोलायला हवा.

मुलं बिघडलेली नसतात, मेंदू अजून घडत असतो

वस्तीतल्या बैठकीत आया म्हणतात, "पोरगा घरी गुणाचा आहे, मित्रांत गेला की वेगळाच होतो." हे निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि शास्त्रही तेच सांगतं.

मजा, कौतुक, थरार यांनी खूश होणारा मेंदूचा भाग किशोरवयात जोरात चालू होतो. थांब, विचार कर, पुढचं बघ, असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पूर्ण पक्व होतो. म्हणजे गाडीचं इंजिन आधी आलं आणि ब्रेक मागून येताहेत.

अमेरिकेत २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. त्यात १३ ते १६ वर्षांची मुलं होती, १८ ते २२ ची तरुण मंडळी होती आणि २४ च्या पुढची मोठी माणसं होती. काहींना एकटं खेळू दिलं, काहींना बरोबरीच्यांसमोर. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत होती. मोठ्या माणसांवर तसा परिणाम दिसला नाही.

म्हणून "मित्र विहिरीत उडी मारतील तर तूही मारशील का?" हा आपला नेहमीचा प्रश्न कामाचा नाही. त्या क्षणी मुलाला विहीर दिसत नाही, काठावर उभे असलेले मित्र दिसतात.

एक साथीदार काय करू शकतो

दुसरा एक प्रयोग १९५१ सालचा. सॉलोमन अॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या मुलांना काही रेघा दाखवल्या आणि विचारलं, या तीनपैकी कोणती रेघ त्या रेघेइतकी लांब आहे? लहान पोरही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले होते. ते ठरवून चुकीचं उत्तर देत. खरी परीक्षा एकट्याची होती. चारांपैकी सुमारे तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून सगळ्यांच्या चुकीच्या उत्तराला मान डोलावली.

आता महत्त्वाचं ऐका. त्याच खोलीत खरं उत्तर देणारा एकच माणूस बसवला, तेव्हा चुकीची उत्तरं पावपटीवर आली. बाकी सगळे अजून चुकीचंच बोलत होते. फक्त एक सोबती मिळाला होता.

तथागतांनी यालाच कल्याणमित्र म्हटलं. सिगालोवाद सुत्तात त्यांनी तरुण सिगालाला खोटे मित्र आणि खरे मित्र वेगळे करून सांगितले. फक्त घेणारा, फक्त बोलघेवडा, तोंडावर गोड बोलणारा आणि दारू-जुगारात साथ देणारा, हे चार खोटे. मदत करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचं सांगणारा आणि आपल्यासाठी जीव तुटणारा, हे चार खरे. ही यादी आपल्या मुलांना पाठ होईल एवढी सोपी आहे. मुलांना म्हणा, तुझ्या ग्रुपमधली नावं घे आणि कोण कुठल्या रांगेत बसतो ते तूच ठरव. आपण नाव घेतलं की मुलं मित्राची बाजू घेतात, स्वतः ठरवलं की डोळे उघडतात.

बाबासाहेबांनाही विद्यार्थिदशेत असा कल्याणमित्र मिळाला होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिलं आणि पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. एका माणसाची सोबत कुठवर पोहोचते ते आपण जाणतोच.

पहिला खर्रा चवीसाठी खात नाहीत

आपल्या विदर्भात खर्रा हा दोस्तीचा चहा झाला आहे. "एक डाव खाऊन तं पाय बे, काई होत नाई." सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा आणि सगळ्यांनी चिमूट-चिमूट घ्यायचा. पहिल्यांदा खाणाऱ्याला चक्कर येते, मळमळतं. तरी तो खातो, कारण न खाल्ला तर गटाबाहेर पडेल.

काय होतं ते मी नर्स म्हणून सांगते. सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होते, तिखट झोंबायला लागतं, हळूहळू तोंड उघडेनासं होतं. हा कर्करोगाच्या आधीचा टप्पा असू शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलं. घरी एक तपासणी करा: मुलाला स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालायला सांगा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा, लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. ओरडत बसू नका.

आणि दोष एकट्या पोराचा नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. २००३ च्या तंबाखू कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, विक्री करता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महिला मंडळानं शाळेच्या फाटकापासून पावलं मोजावीत आणि मुख्याध्यापक, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि पोलीस ठाणे यांना लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आणि बापानं मुलालाच पुडी आणायला पाठवणं आजपासून बंद.

आपल्या मुलांवर दुहेरी ओझं

आपल्या मुलाला शाळेत आणखी एक गोष्ट सोसावी लागते. "तुमचं काय, सवलतवाले," असा टोमणा येतो, आडनाव विचारून नजर बदलते. मग गटात जागा मिळवायला तो जास्तच धडपडतो. डब्याचे पैसे पार्टीत घालतो, घरात हप्ता थकला असताना महागडा मोबाईल मागतो, कोणी निळ्या झेंड्याची टिंगल केली तर हसण्यात सामील होतो. संध्याकाळी तो चिडचिड करतो, पोट दुखतं म्हणतो, शाळेला जायचं टाळतो. त्याला आळशी म्हणण्याआधी विचारा, "शाळेत कोणी काही बोललं का?" जातीवरून अपमान होत असेल तर ती पोरांची चेष्टा नाही. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मुख्याध्यापकांकडे दोन मोठी माणसं सोबत घेऊन जा आणि लेखी द्या.

मुलींवरचा दबाव मोबाईलमधून येतो. "प्रेम आहे तर फोटो पाठव," आणि मग त्याच फोटोची धमकी. अशा वेळी मुलगी गप्प का बसते? शाळा बंद होईल, लग्न उरकतील, या भीतीनं. तिला आधीच सांगून ठेवा, "काहीही झालं तरी तुझी शाळा बंद होणार नाही. आधी मला सांग." असं झालंच तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, १९३० या सायबर क्रमांकावर फोन करा, पोलिसांत जा. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो कायदा तिच्या बाजूनं आहे.

"नाही" म्हणण्याचा सराव

सलाईन लावायला आम्ही नर्सिंगच्या मुली आधी पुतळ्याच्या हातावर शिकलो. तसंच "नाही"चं आहे. ऐन वेळी सुचत नाही, आधी घोकावं लागतं. जेवताना गंमत म्हणून तुम्ही मित्र व्हा, मुलाला उत्तर देऊ द्या.

एक, छोटं आणि हसत: "नको रे, मले जमत नाही." कारणं जितकी जास्त, तितका वाद जास्त.

दोन, घरावर ढकलायचं: "माय लय कटकट करते, तोंड हुंगते." मुलाची इज्जत राहणार असेल तर आपण खुशाल वाईट ठरावं.

तीन, तिथून निघायचं: "ट्यूशन आहे, चाललो." गेल्यावर पुन्हा समजवायला परत यायचं नाही.

चार, घराची खूण: मुलानं "भाजी कोणती आणू?" असा फोन केला की समजायचं, तो अडकला आहे. आपण मोठ्यानं म्हणायचं, "लगेच घरी ये, पाहुणे आले." घरी आल्यावर त्या रात्री चौकशी नाही, मार नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलायचं. हा शब्द एकदा मोडला तर तो फोन पुन्हा येणार नाही.

कॉपीबद्दलही घरात स्पष्ट बोला. "नापास झालास तर तोंड दाखवू नको," असं म्हणणारं घरच मुलाला त्या मोबाईलकडे ढकलतं. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाचू शकतं. हे मुलाला परीक्षेआधीच माहीत हवं. परीक्षेच्या दिवसांत रात्री आठ तास झोप आणि सकाळी पोटात काहीतरी, एवढं घरानं सांभाळावं.

विहारानं काय करावं

गटाचा जोर वाईटाकडेच ओढतो असं नाही, चांगल्याकडेही ओढतो. जयंतीत मुलांना नुसतं डीजेसमोर सोडलं तर बाटली कोणी ना कोणी आणतोच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि त्याच महामानवाच्या मिरवणुकीत पंधरा वर्षांचं पोर पहिला घोट घेतं. याची लाज पोराआधी आपल्याला वाटायला हवी. जबाबदारीची कामं नववी ते बारावीच्या मुला-मुलींना नावानिशी वाटून द्या: पाणी, प्रथमोपचाराची पेटी, पुस्तकांचा स्टॉल, लहान मुलांना सांभाळणं. ज्याच्या छातीवर बिल्ला असतो तो सहसा भलतीकडे जात नाही.

परीक्षेपर्यंत विहाराचा हॉल संध्याकाळी सात ते दहा अभ्यासाला उघडा ठेवा. मुलांच्या जोड्या लावा, दोघांनी एकमेकांना सांभाळायचं. अॅशच्या प्रयोगातला तो एक साथीदार आपण वस्तीतच तयार करू शकतो. मुलींना घरी सोडायला दोन मोठी माणसं ठरवा.

मदत सरकारी दवाखान्यातही आहे. १० ते १९ वयाच्या मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याखाली रुग्णालयात "मैत्री" क्लिनिक चालतात. तिथं पाळी, शरीरातले बदल, व्यसन, मनावरचा ताण, सगळं विचारता येतं. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर बुलडाण्याला जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आशाताईंना विचारलं तरी त्या वाट दाखवतील.

हे क्रमांक कापून भिंतीला चिकटवा. मुलांच्या अडचणीसाठी १०९८. मनावरच्या ताणासाठी टेलिमानस १४४१६. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६. मुलगा किंवा मुलगी "जगून काय करू" असं म्हणाली तर ते नाटक समजू नका. त्या रात्री तिला एकटं ठेवू नका, फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा आणि सकाळी डॉक्टरांकडे न्या.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. मोठ्यांनी मागं बसावं, मुलांना पुढं बोलू द्यावं. पहिला प्रश्न एवढाच विचारा: "नाही म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नाही, असं कधी झालं?" उत्तर येईपर्यंत कोणी उपदेश करू नये.

नमो बुद्धाय. जय भीम.