दार उघडं ठेवून

आमच्या अहिल्यानगरात, म्हणजे जुन्या नगरात, एका चर्चचा तरुण संघ आहे. रविवारची उपासना संपली की आठवी ते बारावीची वीस-बावीस मुलंमुली मागच्या खोलीत जमतात. नाताळची गीतं बसवतात, नाटुकली करतात, हस्तलिखित काढतात. सहा वर्षांपूर्वी तिथले पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, ‘सर, आमच्या मुलांना जरा कवितेची गोडी लावाल का?’ मी म्हटलं, ‘मी मुसलमान. पालकांना चालेल?’ ते हसले. ‘त्यांना विचारूनच आलोय.’

मी साधा बी.ए. झालेला माणूस. मानसशास्त्र शिकलेलो नाही. मुलांनीच मला जे शिकवलं, ते सांगतो.

पहिल्या रविवारी मी पाऊण तास वृत्त आणि यमक यांवर बोललो. मुलं शहाण्यासारखी गप्प बसली. पुढच्या रविवारी निम्मीच आली! मग मी बोलणं आवरलं. ‘उपासना संगीत’ उघडायला लावलं आणि विचारलं, यातली किती गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत, मोजा बरं. रोज गाणाऱ्या मुलांनी कवीचं नाव कधी पाहिलंच नव्हतं. गाणारा माणूस याच गावात राहत होता, हे कळल्यावर खोलीत गलका झाला.

मग मी त्यांना टिळकांच्या घरची गोष्ट सांगितली. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं कविता म्हटल्या आणि तो ‘बालकवी’ झाला. पुढं टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. लक्ष्मीबाईंनी त्याला लेकरासारखं सांभाळलं; ‘स्मृतिचित्रे’त तो आपल्याला भेटतो. घर ख्रिस्ती, मुलगा हिंदू, आणि तो हिंदूच राहिला. आधार देताना त्या घरानं त्याची किंमत मागितली नाही. मार्गदर्शन म्हणतात ते हेच, असं मला वाटतं.

म्हणून मी काही पथ्यं पाळतो. धर्माच्या प्रश्नावर निवाडा देत नाही. ते पाळकसाहेबांचं काम. एकट्या मुलाशी बोलायचं तर खोलीचं दार उघडं ठेवून, दुसरं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असताना. आणि तिसरं पथ्य मी चुकून शिकलो.

दहावीतल्या एका मुलानं एकदा विचारलं, ‘चाचा, तुम्हाला कधी नमाजला जाऊ नये असं वाटतं का?’ प्रश्न नमाजचा नव्हता, हे ओळखायला कवी असावं लागत नाही. मी म्हटलं, ‘वाटतं कधी कधी. तुला?’ त्याची आई त्या पावसाळ्यात गेली होती. ‘सगळे म्हणतात, देवाची इच्छा. मग मी स्तुतीचं गाणं कसं म्हणू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं त्याला सांगितलं आणि शेजारी बसून राहिलो. जाताना तो म्हणाला, ‘कुणाला सांगू नका.’ मी शब्द देऊन बसलो.

दोन महिन्यांनी तोच म्हणाला, ‘जगून तरी काय करायचं?’ मी हादरलो. शब्द पाळावा की मोडावा? मी त्याच्या तोंडावर सांगितलं, ‘बाळा, हे मी एकट्यानं पेलणार नाही. चल, आपण दोघं सांगू.’ तो संतापला. पण त्याच संध्याकाळी पाळकसाहेब आणि त्याचे वडील एकत्र बसले, दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले. नाताळपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

चूक सांगण्यात नव्हती, आधी दिलेल्या आंधळ्या शब्दात होती. आता नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो : तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मी सांगणार, आणि आधी तुला सांगून मग. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं गप्प बसण्याची मुभाच ठेवलेली नाही. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416, हे दोन क्रमांक आम्ही खोलीत लावले आहेत. गंमत अशी, की ही अट ऐकून मुलं बोलायची थांबली नाहीत. उलट, हा माणूस खरं बोलतो, एवढं त्यांना कळलं.

तो मुलगा आता बारावीत आहे. पाळकसाहेबांनी त्याला गाण्याचा आग्रह कधी केला नाही, मीही नाही. मध्यंतरी त्यानं आईवर लिहिलेली कविता आणून दिली. म्हणाला, ‘यमक जुळलं नाही, चाचा.’ मी ते जुळवायला सांगितलं नाही. उपासनेत तो अजून गात नाही. मागच्या बाकावर, दाराजवळ बसतो. पण येतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)