मोबाईलमधला फोटो : भिंगाचा किती, हिशेबाचा किती?

पिकाचा फोटो हा आता हौसेचा विषय राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतात उभे राहून पिकाचा फोटो चढवण्याचे काम शेतकऱ्याच्याच अंगावर आले. गारपीट झाली, नदीचे पाणी शेतात शिरले की पंचनाम्याला फोटो लागतो. पानावर डाग दिसले की कृषी खात्याचा माणूस असो की औषधाचा दुकानदार, पहिला शब्द एकच, "फोटो टाका." थोडक्यात, फोटो हा कागद झाला आहे. सातबारा कसा वाचायचा हे आपण बापजाद्यांकडून शिकलो, पण फोटो कसा वाचायचा हे कुणी सांगितलेले नाही.

रोलच्या कॅमेऱ्यात भिंगातून उजेड आत यायचा आणि फिल्मवर उमटायचा. मोबाईलचा मामला निराळा. त्याचे भिंग वाटाण्याएवढे, त्यातून उजेड येतो जेमतेम. उरलेले काम आतला संगणक हिशेबाने पुरे करतो. या विद्येला 'कॉम्प्युटेशनल फोटोग्राफी' असे नाव आहे. ती उभी करणाऱ्यांत आपल्या नाशिकचे रमेश रासकर आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक झाले. पळत्या वस्तूचा फोटो पुसट येतो, त्यावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तोड काढली. एकाच फोटोत कॅमेऱ्याची झडप ठरावीक पद्धतीने उघडझाप करायची आणि नंतर गणिताने तो पुसटपणा काढून टाकायचा.

आता रंगाचे बघू. कॅमेऱ्याच्या आत लाखो बारीक चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीवर एकाच रंगाची काच. चारांत दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, तिचे पेटंट १९७६ चे. म्हणजे कोणत्याही ठिकाणी तीनपैकी एकच रंग खरा मोजलेला असतो, बाकीचे दोन शेजारच्या चौकटी बघून अंदाजाने भरलेले. नजर अंदाज पैसेवारीच म्हणा ना! अर्थात हा अंदाज सहसा चांगला उतरतो. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. सकाळ-संध्याकाळचे ऊन तांबूस असते, झाडाच्या सावलीतला उजेड निळसर, हिरव्या शेडनेटखाली तर सगळेच हिरवट. मोबाईल स्वतःच ठरवतो की या उजेडात पांढरे म्हणजे काय, आणि त्या मानाने सगळे रंग सरकवतो. चौकटभर नुसते पिवळे पान असेल तर त्याला वाटते उजेडच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा कमी करतो. सोयाबीन पिवळे पडले म्हणून आपण फोटो धाडतो आणि पलीकडचा म्हणतो, "ठीक तर दिसतंय!" यावर सोपा उपाय आहे. पानाशेजारी वहीचा कोरा पांढरा कागद ठेवावा आणि दोन्ही एकाच फोटोत घ्यावे. कागद पिवळट दिसला तर बघणाऱ्याला कळते की रंग किती सरकला आहे. मोबाईललाही पांढऱ्याचा आधार मिळतो.

बटण आपण एकदा दाबतो, पण बऱ्याच मोबाईलमध्ये त्या वेळी पाठोपाठ अनेक फोटो निघतात. ते एकावर एक बसवून, चुरचुरीत दाणे पुसून, उन्हातला भाग एकातून आणि सावलीतला दुसऱ्यातून असे मिळून एक चित्र तयार होते. गुगलने २०१४ साली आपल्या फोनमध्ये ही पद्धत आणली, आणि २०१८ साली अंधारात फोटो काढायची सोय त्याच वाटेने आली. पण वाऱ्याने पान हलत असेल तर एकावर एक बसवताना काठ पुसट होतात, कधी दुहेरी दिसतात. म्हणून रोगाचा फोटो वारा सुटण्याआधी काढावा, देठ बोटांत धरावा. आणि दोन बोटांनी ताणून चित्र मोठे करू नये. भिंगाची ताकद संपली की पुढचे बारकावे मोबाईल मनाने भरतो. मावा आहे की फुलकिडा हे अशा फोटोवरून ठरवायला बसलो तर फवारणी चुकायची. त्यापेक्षा दोन पावले पुढे व्हावे. बांधाच्या तंट्यात मोबाईल फिरवून काढलेला लांबलचक फोटो तर दाखवूच नये, जोडणीत सरळ बांध कमानीसारखा वाकतो.

आणखी एक गोष्ट, तलाठी व ग्रामसेवकांच्याही उपयोगाची. मूळ फोटोत तारीख, वेळ आणि ठिकाण साठवलेले असू शकते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते आणि चित्रही दाबले जाते. मूळ फोटो जपून ठेवावा, पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

हे नुसते सावध राहण्यापुरते नाही, ही विद्या आपल्या कामालाही येते. फोटोतल्या प्रत्येक टिंबाला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, शून्य ते २५५. समजा एका टिंबाचे आकडे ९०, १३०, ६० आहेत. हिरवा दोघांपेक्षा ठळक जास्त, म्हणजे ते पान. दुसऱ्याचे १२०, ९५, ७५, म्हणजे माती. दहा लाख टिंबांत चार लाख पानांची भरली तर पिकाने चाळीस टक्के जमीन झाकली. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली मांडलेले 'कॅनोपीओ' याच हिशेबावर चालते. पायथन ही संगणकाची भाषा आणि फोटोवर काम करणारे ओपनसीव्ही फुकट मिळतात. गावातल्या हायस्कूलच्या पोरांनी मनावर घेतले तर हा हिशेब ती स्वतः मांडू शकतील. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच उंचीवरून, सरळ खाली बघून फोटो काढायचा एवढीच अट. मात्र यात तण पिकातच धरले जाते, आणि वाळलेले पान मातीत जमा होते. खुरपणीआधीचा आकडा बघून कुणी खूश होऊ नये.

गावठाणाच्या मोजणीत याच विद्येचे मोठे रूप दिसते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनच्या मोजणीचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोन एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो काढतो. तोच कोपरा अनेक फोटोंत वेगवेगळ्या जागेवरून दिसतो, त्यावरून त्याचे ठिकाण आणि उंची गणिताने निघते. आपले दोन डोळे अंतर ओळखतात, तसेच हे. पण ड्रोनला दिसते छप्पर, त्याखालची भिंत दिसत नाही. वळचण बाहेर आली असेल किंवा अंगणावर चिंचेची सावली असेल तर हद्द कुठली हे यंत्राला कसे कळावे? त्यासाठीच उड्डाणाआधी चुन्याची फक्की मारून हद्द दाखवायची असते. ती मारताना शेजाऱ्याला बोलावून घ्यावे, आणि नकाशा हातात आला की सनद घेण्याआधी जागेवर उभे राहून तो पडताळून बघावा.