यवतमाळची साहित्यफेरी

साहित्यफेरी म्हणजे एखाद्या गावात लेखन, छपाई, वाचन आणि साहित्यव्यवहार जिथे घडला, त्या जागा पायी फिरून पाहणे. डब्लिनमध्ये दरवर्षी १६ जूनला जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मधील पात्रांच्या वाटेने वाचक चालतात. पुण्यात नामवंतांच्या राहत्या घरांवरील निळे फलक वाचत पेठा पालथ्या घालता येतात. मराठीत याला जवळची रीत ग्रंथदिंडीची. दिंडीत मात्र ग्रंथ पालखीत बसतात आणि पुढे जात राहतात. फेरीत थांबावे लागते, आणि थांबलेल्या जागी काहीतरी वाचून दाखवावे लागते.

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी फेरी आखणारा आधी लेखकांची घरे शोधू लागतो आणि लवकरच अडतो. इथला वारसा घरांपेक्षा मैदाने, छापखाने, पोथ्यांची कपाटे आणि बाजारातली बोली यांत अधिक आहे. त्यामुळे इथल्या फेरीत डोळ्यांपेक्षा कानांना जास्त काम असते, आणि वाटाड्या बोलका नसेल तर ती फेरी म्हणजे नुसती सकाळची रपेट होते.

सुरुवातीला सोयीची जागा म्हणजे समता मैदान. गावात अजूनही अनेकजण त्याला पोस्टल ग्राउंडच म्हणतात. ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात इथे भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. निवडणूक न घेता अध्यक्ष ठरवण्याची नवी पद्धत त्याच वर्षी अमलात आली. संमेलनाच्या इतिहासातील त्या पाचव्या महिला अध्यक्ष. या संमेलनाची चर्चा मात्र उद्घाटनावरून झाली. इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, त्यावरून राज्यभर वाद पेटला, काही निमंत्रितांनी येण्याचे नाकारले आणि साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. शेवटी उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणारी ही शेतकरी स्त्री ‘तेरवं’ या नाटकातून रंगमंचावर उभी राहिलेली होती. निमंत्रण मागे घेणे चूकच होते, आणि त्या चुकीची भरपाई म्हणून येडे यांच्याकडे पाहणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. कापूसपट्ट्यातील बाईने त्या मंचावरून बोलणे ही स्वतंत्र नोंद घ्यावी अशी घटना होती. वाटाड्याने या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. मैदान रिकामे असल्याने ऐकणाऱ्यांना मांडव मनानेच उभारावा लागतो.

याआधीचे यवतमाळचे अखिल भारतीय संमेलन १९७३ साली झाले होते आणि अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. म्हणजे मधे ४६ वर्षे गेली. माडगूळकरांना पाहिलेली माणसे गावात अजून भेटतात. अशी एखादी व्यक्ती फेरीत पाच मिनिटांसाठी का होईना आणता आली, तर फलक लावण्यापेक्षा ते अधिक मोलाचे ठरते.

मैदानावरून बाजाराकडे वळले की विषय छापखान्यांचा आणि वृत्तपत्रांचा निघतो, आणि तो माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांच्यापाशी येऊन थांबतो. १८८० साली वणीत जन्मलेले अणे यवतमाळात वकिली करत. १९१८ मध्ये त्यांनी इथून ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केले. हे नाव लोकमान्य टिळकांनी सुचवले असे सांगतात. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी हे नाव पुढे चालवले आणि १९७१ मध्ये नागपूरहून दैनिक निघाले. आज मोठ्या खपाच्या या वृत्तपत्राचे मूळ यवतमाळात आहे, हे यवतमाळकर पाहुण्यांना आवर्जून सांगतात. अण्यांची साहित्यिक बाजू त्या मानाने झाकलेली राहिली. १९२८ च्या ग्वाल्हेर येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. टिळकांचे चरित्र त्यांनी संस्कृत महाकाव्यात गुंफले. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या त्या ग्रंथाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६८ मध्येच अणे गेलेले असल्याने तो मरणोत्तर होता. जंगल सत्याग्रहातील पुढारी, पुढे बिहारचे राज्यपाल आणि हजारो श्लोक रचणारा कवी एकच, हे ऐकून शाळकरी मुले हमखास माना वर करतात.

फेरीतील सर्वांत भरीव थांबा शारदाश्रमाचा, आणि तिथे घाई करू नये. य. खु. देशपांडे यांनी यवतमाळात उभ्या केलेल्या या संस्थेने विदर्भाच्या इतिहासाची साधने गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. त्यात मोठा भाग महानुभाव पंथाच्या पोथ्यांचा. तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींनी मराठीला धर्मभाषा केले. त्यांच्या अनुयायांनी गद्य-पद्याचा मोठा साठा निर्माण केला आणि तो सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केला. या लिप्यांत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह येते. किल्ली ठाऊक नसेल तर ओळ डोळ्यांपुढे असून वाचता येत नाही. पंथाबाहेरच्या वाचकाला हे वाङ्मय कित्येक शतके असूनही नसल्यासारखे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आदींनी लिपीची उकल केली, काही महंतांनी पोथ्या दाखवण्याचे औदार्य दाखवले, आणि अभ्यासाला वाट मिळाली. देशपांड्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक १९२५ मध्ये निघाले. पंथाच्या ग्रंथांची आणि ग्रंथकारांची इतकी सलग ओळख मराठी वाचकाला त्यापूर्वी क्वचितच झाली होती.

पोथी पाहणे हेही एक काम आहे, आणि फेरीत ते दाखवता येते. आधी हात धुवून कोरडे करायचे. पोथी ज्या कापडात बांधलेली असते ते बासन सावकाश सोडायचे, पाने सपाट पृष्ठावर ठेवायची आणि बोट न फिरवता ओळ वाचायची. बोरूने लिहिलेला मजकूर सलग असतो; शब्द सुटे केलेले नसतात, म्हणून वाचणारा आधी पुटपुटतो आणि कानाला अर्थ लागला की मग शब्द तोडतो. शाई काळी, तर दंड किंवा प्रकरणाची अखेर पुष्कळदा हिंगुळाच्या लाल रंगात. सूची करणारा पानांचा आकार, पत्रसंख्या, पानावरील ओळी, आरंभ आणि शेवट उतरून घेतो. शेवटच्या पानावर नशिबाने लेखनिकाचे नाव व शक सापडतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. बहुतेक वेळा हेच पान फाटलेले किंवा वाळवीने खाल्लेले असते.

इथून दत्त चौक आणि मेन लाईन गाठली की गर्दीत फेरी विस्कळीत होते. बोलीचा भाग मात्र इथेच सांगावा. शंकर बडे हे दारव्हा तालुक्यातील बोरीअरबचे. वऱ्हाडी कवितेला त्यांनी कविसंमेलनाच्या मंचावर हशा आणि हुंदका दोन्ही मिळवून दिले. ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग गावोगाव झाला. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कवितांतील माणसे, म्हणजे पाऊस न आल्याने किंवा नको तेव्हा आल्याने कावलेला शेतकरी, त्याची घरधनीण, उनाड पोट्टे, बाजाराच्या दिवशी याच रस्त्यावर ‘काय करून राह्यला बे’ म्हणत भेटतात. वऱ्हाडी कविता विनोदी असते हा समज बडेंच्या लोकप्रियतेने पक्का झाला खरा; पण हसणारे लोक ज्या ओळीला गप्प होत, तिच्यावर त्यांचा खरा भर असे.

शहरातील फेरी इथे संपते. वेळ असेल तर दुसरा दिवस वणीसाठी ठेवावा. १९०५ पर्यंत जिल्ह्यालाच वणीचे नाव होते. अण्यांचे हे जन्मगाव, आणि इथल्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य राम शेवाळकर यांनी इथे राहूनच वक्ता म्हणून महाराष्ट्रभर नाव मिळवले. पुढे १९९४ च्या पणजी संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 

ऋतू हिवाळ्याचा आणि वेळ सकाळची निवडावी. एप्रिल-मेच्या उन्हात नऊनंतर या गावात कुणी उभे राहून ऐकत नाही. वीसहून जास्त माणसे घेऊ नयेत, मागच्यांना आवाज पोहोचत नाही. वाचायचे उतारे आधी ठरवून ठेवावेत आणि वाचणारा शक्यतो इथलाच असावा. एक विनंती यवतमाळकरांना: घरातील जुन्या पेटीत शारदाश्रमाचे अंक, ‘लोकमत’ साप्ताहिकाचे कात्रण किंवा १९७३ च्या संमेलनाची पत्रिका निघाली, तर ती रद्दीत देण्याआधी जवळच्या ग्रंथालयात दाखवावी.