मासे मेलेल्या हौदाची शुद्धि

शेततळ्यांत सोडण्यापूर्वीं मत्स्यबीज कांहीं दिवस सिमेंटच्या हौदांत ठेवून वाढविणारे शेतकरी आतां ठिकठिकाणीं आढळतात. अशा हौदांत रोग शिरून मासे मेले, म्हणजे बहुतेक जण मेलेले मासे काढतात, पाणी सोडून देतात, चार बादल्या पाणी मारून हौद धुतात आणि नवें बीज आणून सोडतात. आम्हींही एकदां असेंच केलें. पंधरा दिवसांच्या आंत दुसऱ्या खेपेचें बीजही त्याच रोगानें गेलें व दोन्ही खेपांचे पैसे अक्षरशः पाण्यांत गेले. मासा मेला तरी त्याचा रोग हौदांत मागें राहतो, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.

प्रथम मरण रोगाचेंच आहे ना, हें पाहावें. पहांटे मासे पाण्यावर येऊन तोंडें उघडीत असतील, मोठे मासे आधीं मरत असतील व अंगावर कांहीं खूण नसेल, तर बहुधा पाण्यांतील प्राणवायु कमी पडलेला असतो. तेथें गर्दी कमी करून पाणी बदलणें पुरे. परंतु अंगावर जखमा, पांढरे ठिपके किंवा कापसासारखी बुरशी दिसली आणि रोज थोडेथोडे मासे मरूं लागले, तर रोग समजावा. १९८८ सालीं ईशान्येकडून भारतांत शिरलेल्या जखमांच्या रोगाचें मूळ अशीच एक जलबुरशी आहे. तिचे बीजाणु पाण्यांत पोहत जाऊन दुसऱ्या माशास चिकटतात.

मेलेले मासे विहिरीपासून दूर खोल खड्ड्यांत कळीचा चुना टाकून पुरावे. रोगी पाणी ओढ्यांत, पाटांत किंवा शेततळ्यांत सोडूं नये. त्यांत ब्लीचिंग पावडर घालून एक दिवस ठेवावें व मग पडीत जमिनीवर जिरवावें. वांचलेले मासे निरोगी दिसले तरी रोग वाहणारे असूं शकतात. ते निराळ्या टाकींत ठेवावे.

यापुढील काम कंटाळवाणें आहे, पण सर्व मर्म त्यांतच आहे. हौदाच्या भिंती, कोपरे व तळ खराट्यानें घासून शेवाळ आणि गाळ पार काढावा. क्लोरीन घाणीवरच खर्ची पडतो. घाण तशीच ठेविली, तर रोगजंतूंपर्यंत तो पोंचतच नाहीं. परमँगनेट टाकून पाणी लाल केलें कीं झालें, ही समजूतही अशीच फसवी आहे. पाण्याचा रंग तपकिरी झाला, कीं त्याची शक्ति संपली.

हौद स्वच्छ झाल्यावर दर लिटरास २०० मिलिग्रॅम क्लोरीन पडेल असें पाणी करावें. पावडरींत ३० टक्के क्लोरीन धरल्यास १,००० लिटर पाण्यास सुमारें ६७० ग्रॅम पावडर लागते. उघड्या गोणींतील जुनी पावडर निःसत्त्व झालेली असते. ती घेऊं नये. हौद पूर्ण भरणें परवडत नसेल, तर हेंच पाणी भिंतींवर पुनःपुन्हा मारून त्या तासभर ओल्या ठेवाव्या. जाळीं, बादल्या व नळ्या त्याच पाण्यांत तासभर बुडवाव्या. तोंडास फडकें बांधून वाऱ्याच्या बाजूस उभें राहावें. संडास धुण्याचें आम्ल मात्र या पावडरींत कधींही मिसळूं नये, त्यापासून विषारी वायु निघतो.

नंतर हौद दोनतीनदां धुऊन आठवडाभर कडक उन्हांत कोरडा पडूं द्यावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे किडे माशाच्या अंगावांचून फार दिवस जगत नाहींत व कोरडेपणा त्यांस मुळींच सोसत नाहीं. लांकडी व बांबूच्या वस्तूंच्या भेगांत औषध नीट पोंचत नाहीं; त्या जाळून टाकणें आम्हांस स्वस्त वाटतें.

हातास जखम असतां हें काम करूं नये. १९२६ सालीं फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयांतील माशांत आरॉन्सन यांनीं क्षयाच्या जातीचा एक जंतु शोधिला. तो माणसाच्या कातडीसही चट्टे व फोड आणतो.

हौद पुन्हा भरल्यावर प्रथम दहापांच मासे सोडून दोन आठवडे पाहावे. ते धड राहिले, तरच बाकीचें बीज आणावें, आणि तेंही शक्य तर दुसऱ्या ठिकाणाहून.