उवा तिलाच का होतात?

मागच्या पावसाळ्यात एका वस्तीत मुलींचे हिमोग्लोबिन तपासायला आम्ही गेलो होतो. एक आई तिच्या तीन मुलींना घेऊन आली. मोठी नववीत, मधली पाचवीत, धाकटी बालवाडीत. मधलीने डोक्याला ओढणी गच्च गुंडाळलेली. काही केल्या सोडेना. शेवटी आईच म्हणाली, "सिस्टर, तिघी एकाच घरात राहतात, एकाच साबणाने न्हातात. पण उवा होतात त्या हिलाच. हिचं रक्तच गोड आहे बघा."

शाळेत त्या मुलीला शेवटच्या बाकावर एकटीला बसवले होते. "त्या वस्तीतल्या सगळ्यांनाच असतात," असे वर्गात कोणीतरी बोलले होते. घरी आल्यावर आईने रागाच्या भरात कात्रीने तिचे केस कापून टाकले. पोर ओढणी सोडत नव्हती ती त्यामुळे.

आम्ही तिघींचेही केस ओले केले, तेल लावले आणि पांढऱ्या कापडावर फणी फिरवली. मधलीच्या डोक्यातून चार उवा निघाल्या. धाकटीच्या एक. आणि जिने कधी डोके खाजवले नव्हते, त्या मोठीच्या डोक्यातून अकरा! आई बघतच राहिली.

असे का होते ते नीट समजून घेऊ. कारण या एका गैरसमजापायी कितीतरी मुलींनी मार खाल्ला आहे, बोलणी खाल्ली आहेत.

ऊ हा तिळाएवढा किडा. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. ती फक्त चालते. तिच्या सहाही पायांच्या टोकाला आकड्यासारखी नखी असते, त्याने ती केस धरून ठेवते. दिवसातून अनेकदा ती टाळूतले रक्त पिते. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. मादी रोज सहा ते आठ अंडी घालते आणि ती टाळूच्या अगदी जवळ केसाला चिकटवते. त्यांनाच आपण लिखा म्हणतो. सात ते दहा दिवसांत अंड्यातून पिल्लू बाहेर येते आणि आणखी नऊ ते बारा दिवसांत तेही अंडी घालण्याजोगे होते.

म्हणजे उवा लागायला एकच मुख्य गोष्ट लागते. एक डोके दुसऱ्या डोक्याला टेकले पाहिजे. रक्त गोड की कडू, याचा काही संबंध नाही. केस स्वच्छ की मळके, याचाही नाही. नुसत्या पाण्या-साबणाने ऊ निघत नाही. ती केस घट्ट धरून बसते आणि पाण्याखाली काही तास जिवंत राहू शकते. रोज न्हाणाऱ्या घरातही ती येते आणि बंगल्यातल्या मुलांनाही होते.

घामातून, मळातून ऊ आपोआप जन्मते, ही समजूत फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात डास, माश्या, ढेकूण आणि उवा घामापासून जन्मतात असे सांगितले आहे. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले गेले. पण त्यातली ही समजूत आजही आपल्याच तोंडी असते. ऊ ऊपासूनच जन्मते. मळाची गोष्ट खरी आहे ती अंगावरच्या उवेची. ती वेगळी. ती कपड्यांच्या शिवणीत राहते, कपडे बदलायला-धुवायला मिळत नाहीत तिथे वाढते आणि तिच्यामुळे टायफससारखे ताप पसरतात. डोक्यातली ऊ असे रोग पसरवत नाही. या दोघींची गल्लत झाली आणि डोक्यातल्या उवेलाही घाणीचा डाग लागला.

मग काहींनाच जास्त का होतात?

पहिले कारण, कोणाचे डोके कोणाच्या डोक्याजवळ जाते. साधारण तीन ते बारा वर्षांची मुले डोक्याला डोके लावून खेळतात, वाचतात, झोपतात. मुलग्यांपेक्षा मुलींना उवा जास्त होतात, कारण त्या एकमेकींच्या जवळ बसतात, वेण्या घालतात, कानात गुज सांगतात. वसतिगृहात शेजारी शेजारी गाद्या असतात. एका खोलीत सहा माणसे झोपत असतील तर उवेला रस्ता सोपा. यात दोष जागेच्या टंचाईचा आहे, आईच्या स्वच्छतेचा नाही.

दुसरे कारण फार थोड्यांना माहीत असते. खाज उवेच्या चालण्याने येत नाही. चावताना तिची लाळ आपल्या कातडीत जाते, त्या लाळेशी शरीराचे भांडण होते, म्हणून खाज येते. पहिल्यांदा उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. काहींना तर येतच नाही. म्हणून जी खाजवते ती पकडली जाते आणि जी खाजवत नाही तिच्याकडे कोणी बघत नाही. त्या घरात तेच झाले होते. मोठी आणि मधली एका गोधडीत झोपत. मधलीचे डोके दर महिन्याला साफ व्हायचे आणि दर महिन्याला मोठीकडून पुन्हा भरायचे.

तिसरे कारण अर्धवट उपचार. औषध एकदा लावले, उवा मेल्या, पण लिखा राहिल्या. आठवड्याने पिल्ले निघाली. आपण म्हणतो, पुन्हा झाल्या. खरे तर त्या गेल्याच नव्हत्या.

चौथे कारण वेळ. तेरा दिवसांत चार वेळा फणी फिरवायची तर प्रत्येक डोक्याला अर्धा तास हवा. सकाळी सातला कामावर जाऊन रात्री परतणाऱ्या आईने तो कुठून आणायचा? म्हणून आम्ही म्हणतो, हे काम एकट्या आईचे नाही. बाप फणी धरू शकतो, भाऊही धरू शकतो.

आता उपाय. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. आजीचे सुद्धा. केस ओले करा, भरपूर तेल किंवा कंडिशनर लावा, बारीक दातांच्या फणीने टाळूपासून टोकापर्यंत बट-बट करून विंचरा. दर वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसा. तेलाने उवा सुस्त होतात, पण लिखा मरत नाहीत. म्हणून हेच पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करा. जिच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल तिच्यावर त्याच दिवशी उपचार सुरू करा. टाळूपासून बोटभर लांब असलेल्या पांढऱ्या लिखा बहुधा रिकामी टरफले असतात. त्यांना घाबरू नका.

औषध हवे असेल तर परमेथ्रिन १ टक्का लोशन. धुतलेल्या ओलसर केसांना लावायचे, १० मिनिटांनी धुवायचे आणि साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावायचे. खरजेचे ५ टक्क्यांचे मलम वेगळे, ते डोक्याला लावू नका. दोन महिन्यांखालचे बाळ, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काही ठिकाणी उवांवर हे औषध पूर्वीसारखे चालत नाही. दोनदा लावूनही जिवंत उवा दिसल्या तर तिसऱ्यांदा लावू नका, दवाखान्यात जा. फण्या १० मिनिटे कढत पाण्यात ठेवा. मागच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, टॉवेल, ओढण्या गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. तेवढे पुरे. घरभर फवारणी नको.

आणि हे मुळीच करू नका. रॉकेल लावू नका, पोरी भाजल्या आहेत. शेतातले कीटकनाशक डोक्याला लावू नका, त्याने जीव जातो. डांबराच्या गोळ्यांची पूडही नको. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे सर्रास लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते आणि डोळा आग ओकतो. गेलीच तर लगेच १५-२० मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. खाजवून टाळूला जखमा झाल्या, पू आला, मानेमागे गाठी आल्या, तरीही दवाखान्यात दाखवा.

शाळेबद्दल एक सांगणे. ऊ सापडते तेव्हा ती बहुधा कित्येक आठवड्यांपासून तिथे असते. त्या एका दिवशी मुलीला वेगळे बसवून काही साधत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की उवांसाठी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. कोणी आपल्या मुलीला वेगळी बसवली तर चार आयांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटा. भांडायला नको, हे पान घेऊन जा. सगळ्या वर्गाची तपासणी एकाच आठवड्यात करा, असे सांगा.

त्या घरी आम्ही तेरा दिवसांत चार वेळा गेलो. शेवटच्या दिवशी पांढऱ्या कापडावर तिघींपैकी कोणाचीच ऊ पडली नाही. मधलीने त्या दिवशी ओढणी बांधलेली नव्हती. मोठीच तिचे आखूड केस विंचरत बसली होती.